चार बाईट पुरतील

२००८ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना सभासदांना एसएमएसने पाठवायची होती. तिथलं संगणकीकरण आम्ही केलेलं. आम्ही म्हणजे पुण्यातल्या दोन खोल्यांच्या कंपनीतले पाच जण. मी मोबाईल नंबरांची यादी काढून दिली. तासाभरात चेअरमनसाहेबांचा फोन आला. "अहो, अख्ख्या गावात एकच मोबाईल आहे की काय?" ज्या ज्या सभासदाचा मोबाईल नोंदवलेला होता, त्या प्रत्येकाच्या नावापुढे एकच नंबर होता: २१४७४८३६४७.

ते हसत होते. मीही हसलो.

झालं होतं ते असं. सभासदांच्या टेबलमध्ये फोन नंबरचा कॉलम मी 'इंट' प्रकारचा ठेवला होता. इंट म्हणजे चार बाईट, म्हणजे बत्तीस बिट. त्यातला एक बिट अधिक-उणे सांगण्यात खर्ची पडतो. उरलेल्या एकतीस बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. दोनशे चौदा कोटी आणि वर काही लाख. २००५ मध्ये मी ते टेबल बनवलं तेव्हा गावात सहा आकडी लँडलाईन होते, ते त्यात ऐसपैस मावत. मग मोबाईल आले. ९८ने सुरू होणारा दहा आकडी नंबर संख्या म्हणून वाचला तर नऊशे ऐंशी कोटींच्या पुढे जातो. तो मावत नाही म्हटल्यावर डेटाबेसने आपल्याला लिहिता येईल तो सगळ्यात मोठा आकडा लिहिला आणि कामाला लागला. एक इशारा तेवढा दिला. तो कुणी वाचला नाही, कारण तो वाचायची सोय मी प्रोग्रॅममध्ये केलीच नव्हती.

खरे नंबर कायमचे गेले होते. संस्थेचा शिपाई पुढचे तीन आठवडे सायकलवर फिरून ते पुन्हा गोळा करत होता. मी फोनचा कॉलम बदलला, तो अक्षरांचा केला (फोन नंबरांची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही, ती संख्या नव्हेच, हे तेव्हा कळलं), आणि ऑफिसात हा किस्सा रंगवून सांगितला. त्या दिवशी मी बाकीचे कॉलम बघायला हवे होते. बघितले नाहीत.

* * *

त्या पतसंस्थेत व्याज जमा करण्याचं काम एका ताईंकडे होतं. वीस वर्षं नोकरी झालेली, अक्षर छापल्यासारखं, आणि बेरीज तोंडी. संगणक बसवायला गेलो तेव्हा त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेवीस वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं होतं, "सर, हा व्याजाचा रकाना केवढा आहे?"

मला प्रश्न नीट कळला नाही. त्यांनी खतावणी उघडून दाखवली. छापील रकान्यात आकड्यांसाठी बारीक उभ्या रेघा होत्या, लाख, हजार, शेकडा अशा. "यात किती आकडे बसतात ते दिसतं. इथे दिसत नाही."

"पुरेल, ताई," मी म्हणालो.

मी अगदीच बेफिकिरीने म्हणालो नव्हतो. त्याआधी कागदावर हिशोब केला होता. बचत खात्यावरचं व्याज रोजच्या शिलकीवर काढायचं, तर रोजची शिल्लक पैशांत घ्यायची आणि तिमाहीच्या सगळ्या दिवसांची बेरीज करत न्यायची. बँकेच्या भाषेत तिला प्रॉडक्ट म्हणतात. तिमाही संपली की त्या बेरजेवर चार टक्के दराने व्याज. ही बेरीज मी इंटमध्ये ठेवली. नव्वद दिवसांच्या तिमाहीत ती भरायला खात्यात सरासरी २,३८,६०९ रुपये सतत पडून असायला हवेत. बचत खात्यात? या गावात? मुदत ठेवीचं वेगळं, पण बचत खात्यात तेव्हा तिथे कुणाचे चाळीस हजारही नसायचे. चार बाईट पुरतील असं मी ठरवलं. आठ बाईट घेतले असते तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण तेव्हा जागा वाचवणं हे हुशारीचं लक्षण वाटायचं, आणि आपण हुशार आहोत अशी माझी खात्री होती.

२००९ मध्ये गावाजवळून जाणाऱ्या रस्त्याचं रुंदीकरण झालं. जमिनी गेल्या, मोबदल्याचे चेक आले. सात-आठ घरांत एकदम काही लाख रुपये आले, आणि त्यांचं काय करायचं ते ठरेपर्यंत लोकांनी ते बचत खात्यात ठेवले.

एप्रिल २०१० मध्ये चेअरमनसाहेबांचा पुन्हा फोन आला. या वेळी ते हसत नव्हते. एका ठेवीदाराने व्याज कमी पडल्याची तक्रार केली होती. तीन लाख रुपये जानेवारी ते मार्च पूर्ण नव्वद दिवस खात्यात होते. व्याज २,९५८ रुपये ९० पैसे व्हायला हवं होतं, पासबुकात २,३५३ रुपये ४१ पैसे आले होते. सहाशे रुपये कमी. मग दुसरा आला, त्याचे सात लाख होते. त्यालाही २,३५३ रुपये ४१ पैसेच.

लहान खातेदारांचं व्याज पैशापर्यंत बरोबर होतं. चुकलं होतं ते फक्त मोठ्या खात्यांत, आणि सगळ्यांत कमीच पडलं होतं, जास्त कुठेही नाही. संचालक मंडळाने यावरून जो निष्कर्ष काढला तो मूर्खपणाचा नव्हता. कॉम्प्युटर वेगवेगळ्या शिलकीवर एकच व्याज कसं काढेल? माणूस काढेल. माणसाने हाताने तोच आकडा सगळीकडे टाकला असेल आणि वरचे पैसे कुठेतरी वळवले असतील. व्याज जमा करण्याचा पासवर्ड एकीकडेच होता. ताईंना रजेवर पाठवून सतरा दिवस झाले होते. मला बोलावलं होतं ते कुठल्या पासवर्डने काय केलं याची नोंद छापून द्यायला, म्हणजे पोलिसांकडे जाता येईल.

मी एसटीने गेलो. वाटेत तो आकडा डायरीत लिहून सहज उलटा हिशोब करत होतो. २,३५३.४१ गुणिले ३६५, भागिले चार टक्के. उत्तर दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजारांच्या घरात आलं. त्याचे पैसे केले, आणि तो आकडा समोर आला. मोबाईल नंबर. दोन वर्षांपूर्वी ज्याला हसलो होतो तोच.

संस्थेत पोचल्यावर मी संचालकांना सगळं कागदावर मांडून दाखवलं. त्यांना पटलं. त्याच संध्याकाळी ताईंना निरोप गेला, ठेवीदारांना फरक मिळाला. मी कंपनीच्या लेटरहेडवर खुलासा लिहून दिला. त्यात शब्द वापरले होते "तांत्रिक अडचणीमुळे". अडचण कुणी केली, ते पत्रात नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताई कामावर आल्या, आपल्या जागेवर बसल्या, आणि मला "चहा घेणार का सर?" एवढंच विचारलं. मी घेतला. काही बोललो नाही.

* * *

त्यानंतर काही वर्षांनी मी डेटाबेस वापरणारी सॉफ्टवेअर लिहिणं सोडून खुद्द डेटाबेस बनवणाऱ्या एका कंपनीत गेलो. तिथे सी भाषेतला लाखो ओळींचा जुना कोड आहे, आणि माझं बरंचसं काम म्हणजे त्यातले ओव्हरफ्लो शोधून बुजवणं. हे काम मी मागून घेतलं. का, ते तिथे कुणाला सांगितलं नाही.

आकडा मावेनासा झाला की यंत्र तीनपैकी एक गोष्ट करतं. पहिली, माझ्या पतसंस्थेत झाली ती: मावेल तेवढं लिहायचं. मायएसक्यूएल हा प्रसिद्ध डेटाबेस वर्षानुवर्षं मूळ सेटिंगमध्ये हेच करायचा. असं न करण्याची कडक पद्धत त्यात २००५ पासून होती, पण ती आपोआप चालू असणं २०१५ मध्ये, ५.७ या आवृत्तीपासून सुरू झालं. दुसरी गोष्ट, वडिलांच्या जुन्या स्कूटरच्या मीटरची: ९९,९९९ किलोमीटर झाले की पुढे ००,०००. बत्तीस बिटांत हे आणखी विचित्र होतं. सगळ्यात मोठ्या संख्येत एक मिळवला की साधारणपणे उत्तर उणे दोनशे चौदा कोटी येतं. तिसरी गोष्ट म्हणजे थांबायचं आणि सांगायचं की हे मावत नाही. माझं सगळं काम पहिल्या दोन गोष्टींची तिसरी करणं, एवढंच आहे.

ऐकायला सोपं वाटतं. बेरीज करायची आणि चुकली का ते बघायचं. दोन धन संख्या मिळवल्या आणि उत्तर पहिलीपेक्षा लहान आलं तर काहीतरी सांडलं, असं तपासणारी ओळ मीही पूर्वी लिहीत असे. पण सी भाषेचा नियम असा आहे की चिन्ह असलेल्या पूर्णांकांची बेरीज सांडली तर पुढे काय व्हावं याची भाषा काहीही हमी देत नाही. कंपायलर त्याचा अर्थ असा घेतो की सांडणं होणारच नाही. मग ही अट कधीच खरी ठरणार नाही, मग ती कशाला ठेवायची, म्हणून तो ती ओळ गुपचूप काढून टाकू शकतो. राखणीला ठेवलेला माणूसच नाहीसा. म्हणून आधी विचारायचं असतं, नंतर नाही: कमाल संख्येतून दुसरी वजा केली तर पहिलीला जागा उरते का? उरत असेल तरच बेरीज करायची. आता जीसीसीसारखे कंपायलर यासाठी तयार सोय देतात. पोस्टग्रेसच्या लोकांनी तर कंपायलरला असा शहाणपणा करू नकोस म्हणून वेगळी सूचना दिलेली असते, आणि शिवाय बेरीज, वजाबाकी, गुणाकार सांडतात का ते तपासणारी स्वतःची छोटी फंक्शन्स ठेवली आहेत.

बेरीज-गुणाकार सांडतात हे लक्षात येतं. भागाकार सांडू शकतो हे मला कामाला लागेपर्यंत माहीत नव्हतं. उणे २,१४,७४,८३,६४८ला उणे एकने भागा. उत्तर धन २,१४,७४,८३,६४८, म्हणजे जागेपेक्षा बरोब्बर एकने जास्त. इंटेलच्या प्रोसेसरवर हा भागाकार चालू प्रोग्रॅम जागच्या जागी मारतो. डेटाबेसमध्ये याचा अर्थ, एका माणसाने एक भागाकार विचारला आणि बाकी सगळ्यांची कामंही अडली.

सगळ्यात घातक जागा मात्र पैशांच्या हिशोबात नसतात, जागेच्या हिशोबात असतात. डेटाबेसला माहिती ठेवायला किती मेमरी लागेल हे तो गुणाकार करून काढतो: इतक्या वस्तू, प्रत्येकी इतके बाईट. चार आकडी मीटरवर १०,००४ पाहुणे मोजले तर दिसतील ४. चार पानं मांडली जातील, आणि पंगत बसताना बाकीचे दहा हजार शेजारच्या घरात शिरतील. मेमरीत शेजारच्या घरात कुणाचा पासवर्ड असेल, कुणाच्या खात्याची नोंद असेल. ज्याला हे कळतं तो मुद्दाम १०,००४ पाहुणे घेऊन येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोस्टग्रेसने दुरुस्त केलेला एक दोष याच जातीचा होता. ॲरेमध्ये बदल करताना तिच्या नव्या आकाराचा हिशोब सांडू शकत होता, आणि त्यातून लॉगिन असलेल्या माणसाला मेमरीत नको तिथे लिहिता येत होतं. जगातल्या अत्यंत काळजीपूर्वक तपासल्या जाणाऱ्या कोडपैकी तो एक कोड आहे.

म्हणून हा निव्वळ निष्काळजीपणा असतो असं मला वाटत नाही. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतो. त्यात २००० साली लिहिलेल्या कोडमधला एक ओव्हरफ्लो २०२२ मध्ये सापडला आणि दुरुस्त झाला. तो होण्यासाठी अब्जावधी बाईट लांबीचा मजकूर द्यावा लागायचा. २००० साली सर्रास असलेल्या बत्तीस बिटी मशीनवर एवढा मजकूर धरायलाच जागा नव्हती. म्हणजे लिहिला तेव्हा तो कोड व्यवहारात चूक नव्हता. पुढे चौसष्ट बिटी मशीन आली, मेमरी वाढली, आणि जागचा न हललेला कोड चुकीचा झाला. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये दाखवलेला दोष तर पाठ्यपुस्तकातलाच होता. क्रमवार यादीत मधला घटक शोधायला दोन टोकं मिळवून दोनाने भागायचं, हे आम्ही सगळे कॉलेजात शिकलो. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीजच सांडते. जावाच्या लायब्ररीत ही ओळ नऊएक वर्षं होती. दुरुस्ती एका ओळीची: टोकं मिळवायची नाहीत, त्यांच्यातलं अंतर निम्मं करून खालच्या टोकात मिळवायचं.

दुरुस्त्या अशाच असतात. एक ओळ, दोन ओळी. वाद मात्र लांबतो. मी दुरुस्ती पाठवली की तपासणारा सहकारी विचारतो, "एवढी मोठी यादी कोण बनवणार आहे?" पूर्वी मी आकडेमोड करून उत्तर द्यायचो. आता देत नाही, कारण त्या प्रश्नाचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. बचत खात्यात? या गावात? वरची मर्यादा ठरवताना आपण यंत्राबद्दल बोलतो आहोत असं वाटतं. खरं तर आपण माणसांबद्दल बोलत असतो. मी चार बाईट घेतले तेव्हा त्या गावातल्या कुणाकडे कधीही किती पैसे असू शकतील, हे मी पुण्यात बसून ठरवून टाकलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार असतो. "तुझ्या दुरुस्तीमुळे आजवर चालणारी क्वेरी आता एरर देईल. ग्राहक ओरडतील." ओरडतात. थांबणारा डेटाबेस सगळ्यांना दिसतो. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी बेसकॅम्प या कंपनीच्या एका टेबलातला क्रमांक २,१४,७४,८३,६४७वर पोचला, पुढचा क्रमांक देता येईना, आणि त्यांची सेवा काही तास नुसती वाचण्यापुरती उरली. त्यांच्या प्रमुखांनी चूक आपली असल्याचं जाहीरपणे लिहिलं. तो दिवस त्यांना वाईट गेला असेल. पण कुणाची नोंद दुसऱ्याच्या नावावर गेली नाही, कुणावर आळ आला नाही. माझ्या पतसंस्थेचा डेटाबेस त्या मार्चअखेर "मावत नाही" म्हणून अडून बसला असता, तर व्याज एक दिवस उशिरा जमा झालं असतं आणि चेअरमनसाहेब माझ्यावर चिडले असते. चिडायला हवं होतं त्याच माणसावर.

* * *

मागच्या वर्षी एका लग्नासाठी त्या भागात गेलो होतो. पतसंस्थेत चौकशी केली. ताई निवृत्त झाल्या होत्या; घर मागच्याच आळीत होतं. त्यांनी ओळखलं, बसायला सांगितलं, पोहे केले. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणालो, "ताई, ते व्याजाचं झालं होतं ना, दहा साली. तांत्रिक अडचण नव्हती ती. तो रकाना लहान ठेवायचं मी ठरवलं होतं."

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. मशीन स्वतःहून थोडंच ठरवतं?"

थोड्या वेळाने त्यांनी आपणहून सांगितलं. त्या सतरा दिवसांत किराणा आणायलाही त्या बाहेर पडल्या नव्हत्या. मुलगी दहावीला होती, तिला शाळेत कुणीतरी बोललं होतं. नंतर सगळं मिटलं, संस्थेने सत्कारही केला, पण ज्यांनी बोलायचं ते बोलून गेले होते. हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. मी विचारलं नव्हतं म्हणून इतकी वर्षं सांगितलं नव्हतं, इतकंच.

"वहीत असं नाही व्हायचं," त्या म्हणाल्या. "रकाना पुरला नाही तर आकडा रेघेबाहेर जायचा. तपासणाऱ्याला लांबूनच दिसायचा. आम्ही वर कागदाची पट्टी चिकटवून तिथे सही करायचो." मग विचारलं, "आता केवढा ठेवलाय रकाना?"

मी सांगितलं, आठ बाईट. पैशांत मोजलं तरी ब्याण्णव हजार लाख कोटी रुपयांच्या वर जातं. "आता पुरेल," मी म्हणालो.

ताई हसल्या. "तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"हो."

"आणि नाही पुरला तर?"

"तर थांबेल. मावत नाही म्हणून सांगेल. मनाने आकडा टाकणार नाही."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.